कुसाबाईचं खातं

"उचल ना रे बाबा, उचल," कोल्ड स्टोरेजच्या भिंतीला पाठ लावून कुसाबाई फोनची विनवणी करत होती. पॅकहाउसच्या सगळ्या आवारात रेंज मिळायची ती या एवढ्याच कोपऱ्यात. डोक्यावर पांढरी जाळीची टोपी, कमरेला द्राक्षाच्या घडातले खराब मणी काढायची छोटी कात्री, आणि जेवणाची सुट्टी संपत आलेली. पलीकडून एक बाई गोड आवाजात पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, की आपण ज्यांना फोन केला आहे ते उत्तर देत नाहीत.

ते उत्तर देणार कुठून? तिचा मुलगा रुद्र नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर होता, आणि कामाच्या वेळात तिथं सगळ्यांचे फोन कपाटात बंद असायचे. विद्यापीठाचं खातं उघडायला लागणारा ओटीपी मात्र दर वेळी इमानेइतबारे त्या कपाटातल्या फोनवर जाऊन पडायचा आणि पडल्या पडल्या तिथंच शिळा व्हायचा.

"आला का गं तुझा टीपी?" लताबाई डबा धुऊन हात झटकत आली. दोघी एकाच टेबलावर समोरासमोर घड साफ करायच्या, त्यामुळे कुसाबाईच्या शिक्षणाची खडान्खडा बातमी लताबाईला असायची.

"नाय ना. आता पासवर्डच टाकून बघते. रुद्र म्हणला होता, त्याचं नाव आन् पुढं जन्मसाल."

"त्याचं नाव? खातं तुझं ना?"

कुसाबाईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिनं रुद्रचं नाव इंग्रजीत टाकलं. चूक. पहिलं अक्षर मोठं करून टाकलं. चूक. मधे ते ॲट-चं वेटोळं घालून बघितलं, सालाचे शेवटचे दोनच आकडे घालून बघितले. शेवटी फोनच वैतागला आणि लाल अक्षरात बोलला: आपले खाते बंद करण्यात आले आहे. कृपया मदत केंद्राशी प्रत्यक्ष संपर्क साधावा.

"मेलं का?" लताबाईनं वाकून बघितलं.

"मेलं नाय. कुलूप पडलं."

"आन् रविवारी तुझी तोंडी परीक्षा!"

हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. परीक्षेची लिंक त्या खात्याच्या आतच होती. दुसरा रस्ता नव्हता. घंटा झाली. कुसाबाई टेबलाशी परत गेली, आणि सबंध हंगामात जिच्या हातून कधी चांगला मणी गेला नव्हता तिच्या कात्रीनं त्या दुपारी एका देखण्या घडाचा शेंडाच उडवला.

कुसाबाईला शिकायचं वेड लागलं ते मुलीमुळं. तिची थोरली, निकिता, पदवीधर झाली तेव्हा पदवीदानाला सगळं घर गेलं होतं. सभागृहात कुसाबाईच्या शेजारी एक पिकल्या केसांची बाई बसली होती. कुसाबाईनं आपलं सहज विचारलं, "तुमचं कोण हे? मुलगी का नात?" ती बाई म्हणाली, "मीच." तेवढ्यात तिच्या रांगेला बोलावणं आलं. बाईनं मांडीवरचा काळा झगा उलगडला, लुगड्यावर चढवला आणि गुडघ्याला हात लावत स्टेजच्या पायऱ्या चढून गेली. निकिताचा नंबर आला तेव्हा कुसाबाईनं टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, फोटोही काढून घेतले. पण येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली, ती थेट घरच्या पिंपळगावापर्यंत.

बारावी ती लग्नाआधीच झालेली होती. तो कागद तिनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. श्रावणात एक दिवस सगळे जेवायला बसले असताना ती म्हणाली, "मला बी. ए. करायचंय. घरी बसून करता येतं."

तिच्या नवऱ्याचा, गोरक्षचा, घास हातातच राहिला. तो टेम्पो चालवायचा; कधी द्राक्षं, कधी कांदा, कधी कोणाच्या लग्नाची भांडीकुंडी. कशानंच फारसा न गडबडणारा माणूस. त्यानं तो ताटात ठेवला आणि म्हणाला, "मग कर की. कोण नको म्हणतंय? पण आधी कालवण वाढ."

सगळ्यात जास्त आनंद झाला तो रुद्रला. जेवण होताच त्यानं फोनवर बसून आईचा प्रवेश केला, फी भरली, खातं उघडलं. "आई, तू नुसता अभ्यास कर. बाकीचं सगळं मी बघतो." कुसाबाईला केवढं कौतुक वाटलं होतं तेव्हा. मोबाईल नंबर त्यानं आपलाच टाकला, ईमेल आपला टाकला, पासवर्ड आपल्या नावाचा ठेवला. फोटो हवा होता, म्हणून निकिताच्या लग्नातल्या फोटोतून आईला कापून घेतलं. त्या फोटोत कुसाबाईच्या कानाशी कोणाच्या तरी फेट्याचा तुरा आला होता.

पुढं हळूहळू लक्षात यायला लागलं, की ते 'बाकीचं' म्हणजे जवळजवळ सगळंच होतं. वर्ग कधी आहे, सरांनी काय सांगितलं, बरोबरची मुलंमाणसं काय बोलतायत, सगळं त्या खात्यात. रुद्र दमून घरी यायचा. ती विचारायची, "काय आलं का रे?" तो बूट काढता काढता म्हणायचा, "विशेष काय नाय, आई." कुसाबाईला वाटायचं, विशेष नसलं तरी चालेल, पण बघायला मिळावं.

त्या गुरुवारी संध्याकाळी रुद्रची मोटरसायकल दारात लागली तशी ती ओट्यावरच येऊन उभी राहिली. रुद्रनं ऐकून घेतलं, फोनवर खटपट केली आणि मान हलवली.

"आई, किती वेळा टाकलास गं पासवर्ड?"

"उघडंपर्यंत टाकणार होते. त्याच्या आधीच बंद झालं."

"आता नाशिकला केंद्रात जावं लागंल. मी उद्या रजा टाकतो. रविवारचा ओव्हरटाइम पण सोडतो, तुला लॉगिन करून देतो, मग झालं?"

"आन् त्याच्या पुढच्या वेळी?"

"तेव्हा पण मी हायेच की."

कुसाबाई म्हणाली, "रुद्र, मला ते माझ्या फोनवर पाहिजे. नंबर माझा, पासवर्ड माझा, सगळंच. मीच जाते उद्या."

रुद्रचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यावर भरोसा नाय तुझा?"

"भरोसा हाय रे. पण बी. ए. मी करते का तू?"

बाजेवर पडलेला गोरक्ष खो खो हसला. ते हसणं रुद्रला लागलं. तो तडक आत गेला. भाकऱ्या थापताना कुसाबाईला दोनदा वाटलं, जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा. दोन्ही वेळा ती तव्यापाशीच बसून राहिली.

शुक्रवारी गोरक्षला नाशिकला खोके पोचवायचे होतेच. ऐन हंगामात सुट्टी म्हणून पॅकहाउसचा सुपरवायझर कुरकुरला, पण लताबाईनं त्याला तिथल्या तिथं गप्प केलं. टेम्पोत कुसाबाई ठेवणीतली साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. केंद्राच्या फाटकाशी गोरक्षनं विचारलं, "येऊ का आत?"

"नको. तुमची गाडी बघा, कोणी पावती फाडंल."

काचेच्या दाराशी एक वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. कुसाबाईला बघताच त्यानं बाहेरच्या बाकाकडं बोट केलं. "पालकांनी इकडं बसा, मावशी. विद्यार्थ्याला आत पाठवा."

"मीच हाय विद्यार्थी."

"तुम्ही?" त्यानं तिला नीट बघितलं, मग लगबगीनं उठून दार उघडून धरलं. "या, या. सॅन्डल राहू द्या पायात, आत चालतं."

आत कानात वायरी घातलेली पोरं रांगेत होती. कुसाबाईचा नंबर आला तेव्हा समोर एक विशीतली मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव स्नेहल. कुसाबाईनं झालेला प्रकार सांगितला, आधार कार्ड दाखवलं. स्नेहलनं पत्ता वाचला.

"पिंपळगाव बसवंत! माझी आई यायची तिकडं द्राक्षाच्या कामाला. आम्ही पेठकडचे, डोंगरातले. मी लहान असताना दर वर्षी यायची."

कुसाबाई एकदम पुढं सरकली. "कुठल्या पॅकहाउसला?"

"नाव नाही आठवत. हायवेलाच होतं."

"जेवायला कुठं बसायची गं? भिंतीकडं का नळाकडं?"

स्नेहल गोंधळली. "म्हणजे?"

"माझा प्रकल्प हाय समाजशास्त्राचा. आमच्या शेडमधी कोण कुठं बसून जेवतं, त्याच्यावर. गावच्या बाया भिंतीकडं, डोंगराकडच्या नळाकडं. रविवारी तोंडी परीक्षा त्याचीच हाय."

स्नेहलनं कीबोर्डवरचे हात बाजूला घेतले. "नळाकडं असणार. आमच्या गावच्या सगळ्या बायका मिळून बसायच्या. आई सांगायची, पहिल्या वर्षी कोणी बोलायचंच नाही. मग गावातल्या एकीनं आईची नागलीची भाकरी मागून खाल्ली, तिथून पुढं बोलणं सुरू झालं."

"बघ! मी हेच लिहिलंय," कुसाबाई म्हणाली, आणि मागच्या रांगेतला एक मुलगा खाकरला तशी दोघी कामाला लागल्या.

"आता एक सुरक्षेचा प्रश्न आहे, मावशी. खातं उघडताना तो निवडलेला असतो. त्याचं उत्तर जुळलं, की मी कुलूप काढते." स्नेहलनं पडदा तिच्याकडं वळवला. वर लिहिलं होतं: तुमच्या लहानपणीच्या मैत्रिणीचे नाव काय?

कुसाबाईनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. लग्न होऊन पिंपळगावात आल्यापासून हा प्रश्न तिला कोणी म्हणजे कोणीच विचारला नव्हता. सासूनं नाही, नवऱ्यानं नाही, पोरांनी नाही. तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, की स्नेहललाही हसू आलं.

"हे विद्यापीठ विचारतंय?"

"हो."

"लय चांगला प्रश्न हाय."

तिनं नाव सांगितलं. मग स्वतःच एकेक अक्षर शोधून ते टाकलं. जुळलं नाही. हाक मारायचं नाव टाकलं, तेही नाही. माहेरचं आडनाव जोडलं, नाही.

"असं कसं? दुसरी कोणी नव्हतीच मला. तीच एक."

"मावशी, खातं कोणी उघडलं होतं?"

"मुलानं. पण त्याचा फोन तर..."

आणि नेमका त्याच वेळी पर्समधला फोन वाजला. रुद्रच होता. सकाळपासून त्याचं मशीनवर लक्ष नव्हतं. चहाच्या सुट्टीत कपाट उघडून त्यानं पहिला फोन आईला लावला होता. "आई, झालं का काम?"

"अरे, माझ्या लहानपणीच्या मैत्रिणीचं नाव काय टाकलंस तू?"

पलीकडून कारखान्याच्या घरघरीत रुद्र ओशाळून म्हणाला, "मला कुठं माहीत होतं, आई? मी 'माहीत नाही' असं टाकून दिलं."

कुसाबाईनं स्नेहलकडं बघितलं. स्नेहलनं तिच्याकडं. कुसाबाईनं सावकाश टाकलं: माहीत नाही. खातं पटकन उघडलं.

"मावशी, पहिल्यांदाच 'माहीत नाही' म्हणाला असतात तर तेव्हाच उघडलं असतं!" स्नेहलनं तोंडावर हात धरला, पण हसू काही आवरेना. कुसाबाई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. रांगेतल्या पोरांनी वायरी काढल्या आणि काय झालं ते एकमेकांना विचारून तीही हसली. फोनवर रुद्र "काय झालं? आई, काय झालं?" करत राहिला.

हसता हसता एक गोष्ट कुसाबाईच्या मनात खोल कुठंतरी जाऊन बसली. पोरानं मनानं कोणाचंही नाव ठोकून दिलं असतं तर चाललं असतं. त्यानं तसं केलं नव्हतं. त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असणार तरी कसं? तिनं कधी सांगितलंच नव्हतं.

मग भराभर कामं झाली. मोबाईल नंबर बदलला, आणि त्याची खात्री म्हणून नवा ओटीपी आला तो कुसाबाईच्या हातातल्या फोनवर. "आला!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की वॉचमननं दारातून डोकं आत घातलं. सुरक्षेच्या प्रश्नाचं उत्तर तिनं पुसलं आणि तिथं खरं नाव लिहिलं.

"आता हे नाव कोणाला सांगायचं नाही हं, मावशी. घरच्यांना पण नाही. आणि आता पासवर्ड. निदान आठ अक्षरं, त्यात एक मोठं, एखादा आकडा आणि एखादं चिन्ह. तुमच्या लक्षात राहील पण दुसऱ्याला सुचणार नाही असं काहीतरी." एवढं बोलून स्नेहल खुर्चीसकट फिरली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. "टाका. मी बघत नाही."

घरात कुसाबाईचं असं कुलपातलं काही नव्हतं. कपाटाची किल्ली दारामागच्या खिळ्याला, पर्स कोणीही उघडावी, फोन कोणीही घ्यावा. तिनंही ते कधी मनावर घेतलं नव्हतं. घर म्हटलं की असंच असायचं. पण आपल्याला एक गोष्ट एकटीनं करता यावी म्हणून दुसऱ्या माणसानं मुद्दाम पाठ फिरवून बसावं, हे तिच्या बाबतीत प्रथमच घडत होतं. तिनं घाई केली नाही. बराच विचार केला, एकदा स्वतःशीच हसली, आणि एकेक बटण दाबत पासवर्ड ठेवला.

"झालं."

"मस्त. आता तो फेट्याचा फोटो काढून टाकू या. त्या पांढऱ्या भिंतीपाशी उभ्या राहा."

"हसू का?"

"हसा की!"

परत येताना टेम्पो हायवेला लागला आणि कुसाबाईनं आपलं खातं उघडलं. एका पानावर तिच्या वर्गातली माणसं आपापसांत बोलत होती. देवळाली कॅम्पातल्या एका फौजीच्या बायकोनं विचारलं होतं, "रविवारची भीती कोणाकोणाला वाटतेय?" खाली एकामागून एक सगळ्यांनी लिहिलं होतं, मला, मला, मला. कुसाबाईनं ओझरचा पूल येईपर्यंत विचार केला आणि लिहिलं, "मला पण."

लगेच उत्तर आलं. "अरे वा! कुसाबाई संधान आल्या! सहा महिने तुमचं नुसतं नाव दिसतंय यादीत. आम्हाला वाटलं तुम्ही सोडलं."

"सोडलं नव्हतं," तिनं लिहिलं. "आत यायला मिळत नव्हतं."

"काय लिवते एवढं?" गोरक्षनं रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं.

"वर्गातल्या माणसांशी बोलते."

"आन् पासवर्ड काय ठेवलास?"

"तो सांगायचा नसतो."

"मला पण?"

"तुम्हाला पण."

गोरक्षनं यावर गिअर बदलला. मग त्यालाच मजा वाटली. "बरंय," तो म्हणाला. पिंपळगावात शिरेपर्यंत तो अधूनमधून मान हलवून "मला पण!" असं स्वतःशीच म्हणत होता.

संध्याकाळी रुद्र आला तो गुळमुळीत आला. हातपाय धुऊन चुलीपाशी पाटावर बसला. "आई, रागावलीस?"

"खुळा का काय? कशापायी रागावू?"

"कोण होती गं तुझी मैत्रीण?"

कुसाबाई भाकरी उलटत म्हणाली, "नाव नाय सांगायचं. त्या पोरीनं बजावलंय. नाव म्हणजे माझ्या खात्याची सुरक्षा हाय."

"आता आली का पंचाईत!" रुद्रनं कपाळावर हात मारला. "मग नाव सोडून सांग."

आणि तिनं सांगितलं. माहेरच्या मळ्यात एक मोठी विहीर होती. पोरं त्यात पोहायची आणि पोरींना काठावरून हुसकावून लावायची. तर या दोघींनी दुपारी सगळे निजले की चोरून जायचं, तरंगायला पाठीला वाळला भोपळा बांधायचा आणि उतरायचं. मैत्रीण धीट. एक दिवस तिनं भोपळा न बांधताच वरच्या थारोळ्यावरून, जिथं मोटेचं पाणी पडायचं तिथून, उडी घेतली, वर आली आणि म्हणाली, आता तू. कुसाबाई काठावरच उभी राहिली, तशी मैत्रिणीनं काठावर चढून तिला सरळ ढकलून दिलं.

"मग?"

"मग काय? बुडले, वर आले, परत बुडले. तिसऱ्यांदा वर आले ती पोहतच."

बाजेवरून गोरक्ष उठून बसला. "तुला पोहता येतं?"

"येतं की."

"आन् इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

"इथं कुठं पोहायचं होतं मला? आन् तुम्ही तरी कधी इचारलंत?"

तिघंही हसत सुटले. रुद्र तर तिला एकेक खोदून विचारत बसला, विहिरीला पाणी किती असायचं, आजोबांना कळलं का, मग मार बसला का. मार बसला होता, आणि तोही दोघींना एकत्र. भाकरीचं टोपलं भरलं तरी गोष्ट संपली नव्हती.

"आता कुठं हाय ती?" शेवटी रुद्रनं विचारलं.

कुसाबाईनं तवा उतरवला. "लगीन होऊन सुरतेकडं गेली. पुढचं माहीत नाय."

"शोधू आपण," रुद्र म्हणाला. "तू नाव सांगितलंस तर."

"बघू," कुसाबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात पहिली भाकरी वाढली.

रविवारी सकाळपासून शेजारच्या घरी हळदीचा कार्यक्रम होता, आणि ओट्याएवढा स्पीकर दणदणत होता. भांडी थरथरत होती. तोंडी परीक्षा अकराची. कुसाबाई न्हाऊन, केस बांधून, फोन हातात घेऊन घरातल्या घरात फिरत होती. आतल्या खोलीत गेलं तर रेंज जायची, बाहेर आलं तर स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नव्हता.

"चल," गोरक्ष म्हणाला आणि त्यानं टेम्पोची किल्ली उचलली.

त्यानं गाडी गावाबाहेर काढली, शिवारातल्या रस्त्यानं एका बागेच्या कडेला आणली आणि झाडाच्या सावलीत उभी केली. फोन डॅशबोर्डवर गणपतीच्या मूर्तीला टेकवून ठेवला, काचा वर केल्या. "आत कोणी येत नाय. मी बघतो," असं म्हणून तो खाली उतरला आणि गाडीच्या पुढं, थोडा लांब, रस्त्याच्या मध्यावर पाठमोरा जाऊन उभा राहिला.

कुसाबाईनं पासवर्ड टाकला. पहिल्याच झटक्यात खातं उघडलं. लिंक दाबली, आणि समोर चष्म्यातले एक सर आले.

"नमस्कार. नाव सांगा."

"कुसाबाई गोरक्ष संधान."

"तुमच्याजवळ कोणी मदतीला नाही ना? नियम आहे, एकदा फोन चहूकडं फिरवून दाखवा."

तिनं फोन उचलला आणि सावकाश फिरवला. सीटमागची फळी, तिच्यावर दोरखंडाचं वेटोळं. दारं, बंद काचा. पुढची काच. काचेपलीकडं गोरक्ष. समोरून कोणाचा तरी ट्रॅक्टर आला होता, आणि गोरक्ष दोन्ही हात वर करून त्याला थांबवत होता.

"ते कोण आहेत?" सरांनी विचारलं.

"ते बाहेरचे हायेत, सर," कुसाबाई म्हणाली. "आत मी एकटीच हाय."

सर हसले. "बरं. सुरू करा."

पहिली दोन वाक्यं अडखळली. तिसऱ्या वाक्याला ती शेडमध्ये पोचली आणि मग तिला थांबवणं कठीण झालं. गावातल्या बायका भिंतीकडं का बसतात, डोंगराकडून आलेल्या बायका नळाकडं का बसतात, हंगाम सुरू होताना मधे केवढी जागा मोकळी असते आणि होळीपर्यंत ती कशी भरत जाते, चटणी आधी सरकते आणि माणसं मागून, हे सगळं तिनं सांगितलं. नागलीच्या भाकरीचीही हकीकत सांगितली.

"आणि तुम्ही स्वतः कुठं बसता?" सरांनी विचारलं.

"आधी भिंतीकडं बसायची, सर. प्रकल्पाला लागल्यापासून रोज जागा बदलते. पहिल्यांदा दोन्हीकडच्या बाया माझ्याकडं संशयानं बघायच्या. आता जागा धरून ठेवतात."

सरांनी काहीतरी लिहून घेतलं. वेळ कधीच संपली होती. तरी त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर ऐकून म्हणाले, "छान, कुसाबाई. पुढच्या वर्गाला नक्की या. हे सगळ्यांनी ऐकायला हवं."

पडदा बंद झाला. कुसाबाईनं खात्यातून बाहेर पडायचं बटण दाबलं, फोन मांडीवर ठेवला आणि सीटला डोकं टेकलं. कपाळावर घाम होता आणि हातापायांत लहान पोरीसारखं काहीतरी नाचत होतं. लताबाईला सांगायचं होतं, रुद्रला, निकिताला, त्या पेठकडच्या पोरीला.

समोर ट्रॅक्टर इंजिन बंद करून उभा होता. त्याच्यामागं एक मोटरसायकल येऊन थांबली होती, एक म्हातारा शेळ्या घेऊन खोळंबला होता. गोरक्ष ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना हातानं खाली बसवत होता. गाडीकडं बोट करून दबक्या आवाजात त्यांना काहीतरी सांगत होता, आणि ती माणसंही माना उंचावून, आवाज न करता, टेम्पोकडं बघत होती.

परीक्षा संपल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. कुसाबाईनं काच खाली करायला हात नेला, आणि मग तो मागं घेतला. आणखी थोडा वेळ तिनं त्याला तसंच उभं राहू दिलं.